नेरोखोरीत, पक्की खबर येईपर्यंत

आधी माफी मागतो. या अंकात लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही आहे, असं मला वाटत नाही. अजमानच्या आमच्या बिल्डिंगमधल्या सावंत काकू मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघतात. ‘परदेशातून आणखी परदेशात गेलेला आपल्यातला तू एकटाच, तेव्हा तू लिहायचंस,’ असं त्यांनी कळवलं. मी दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्या वेळी त्यांनी अम्मीकडून निरोप दिला, आणि अम्मीला मला नाही म्हणता येत नाही. अंकात लिहिणारे बाकीचे लोक वीस-पंचवीस वर्षं आखातात काढलेले आहेत. माझं कॉलेजही अजून संपलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे लिहिताना अडलं तर विचारायलाही घरात कुणी नाही. माझी मराठी सातवीपर्यंतची, बाणकोट खाडीकाठच्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली. घरात आम्ही आमची कोकणी बोलतो. अब्बांचं आणि अम्मीचं बोलणं मी इथे शाळेच्या मराठीत लिहिलं आहे, ते ऐकून दोघं हसतील. चुका काकूंनी दुरुस्त करायच्या, या बोलीवर लिहितो आहे.

निघालो तो दिवस सप्टेंबरच्या शेवटाचा. दुबई एअरपोर्टवर सावंत काकांनी त्यांच्या गाडीतून सोडलं. मागच्या सीटवर अम्मी, माझी धाकटी बहीण रुबिना आणि दोघींच्या मांडीवर माझी एक बॅग. अब्बा आमच्याबरोबर नव्हते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये प्लास्टिकचे क्रेट बनवणारी एक फॅक्टरी होती, तिथे ते शिफ्ट सुपरवायझर होते. ड्यूटी संपवून ते थेट तिथे आले, कंपनीच्या निळ्या शर्टातच. अम्मी कुळथाच्या पिठाची पिशवी हँडबॅगेतून काढून सुटकेसमध्ये कोंबत होती.

“अम्मी, दे विल ओपन इट,” रुबिना म्हणाली. “दे विल ओपन अँड आस्क.”

“विचारू देत. सांगेल, पिठलं करायचं आहे म्हणून.”

अब्बांनी मला ट्रॉल्यांच्या रांगेजवळ बाजूला घेतलं. ते कधी लांबण लावत नाहीत.

“कंपनी डिसेंबरात बंद होतेय. हे पक्कं आहे म्हणून सांगतो.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय, ते अजून पक्कं नाही. पक्कं झालं की मी फोन करीन. मधे विचारायचं नाही. अम्मीला नाही, रुबिनाला तर नाहीच. अभ्यास कर.” मग माझ्या खांद्यावरची बॅगेची पट्टी सरळ करून म्हणाले, “यल्ला, आत जा. लाईन मोठी आहे.”

गावाकडच्यांना याचा अर्थ कदाचित लगेच लक्षात येणार नाही, म्हणून सांगतो. तिकडे अब्बांचा व्हिसा नोकरीवर असतो आणि आमचा तिघांचा व्हिसा अब्बांवर. नोकरी गेली की काही मुदत मिळते. त्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर चौघांनीही निघायचं. रुबिनाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती. माझं डिग्रीचं दीड वर्ष राहिलं होतं. अब्बा साठीच्या जवळ आलेले, आणि त्या वयाच्या माणसाला नवीन नोकरी सहज मिळत नाही, हे आमच्या बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे मी ज्या घरातून निघालो होतो, ते मी परत येईपर्यंत असेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. ते विचारायचीही मला मनाई होती.

ही मनाई उगीच नव्हती. मी दुसरीत होतो तेव्हा अब्बा शारजात एकटे राहायचे आणि आम्ही गावी. एकदा त्यांचा फोन आला की व्हिसा रिन्यू होत नाही, महिनाभरात कायमचा येतो. अम्मीने घराला चुना लावून घेतला. ठेवणीतल्या बशा काढल्या. सगळा मोहल्ला विचारून गेला. मी रोज संध्याकाळी जेट्टीवर जाऊन लाँचमधून उतरणारी माणसं बघायचो. मग फोन आला, व्हिसा झाला, आता सुट्टी नाही. त्यानंतर अब्बा दोन वर्षांनी आले. “अर्ध्या खबरीवर घर रंगवून बसलो,” असं अम्मी अजून म्हणते, हसून म्हणते, पण म्हणते. तेव्हापासून अब्बा अर्धी खबर कुणालाच देत नाहीत. आखातातल्या बऱ्याच घरांची हीच रीत आहे, हे मला पुढे कळलं. दुखणं असो, नोकरी असो, लांब असलेल्या माणसाला सगळं पार पडल्यावर सांगायचं. तोपर्यंत ‘सब ठीक’.

ग्रीसला जायचं कारण साधं होतं. मी अजमानमध्ये पर्यावरणशास्त्र शिकतो. आमच्या युनिव्हर्सिटीचा तिकडच्या एका युनिव्हर्सिटीशी करार आहे, त्यातून मला एका सेमिस्टरसाठी नेरोखोरी नावाच्या लहानशा गावी पाठवलं. गावाजवळच्या पाणथळ जागेचा अभ्यास करायचा आणि आठवड्यातले दोन दिवस गावच्या शाळेत मुलांना इंग्रजीतून निसर्ग शिकवायला मदत करायची. ग्रीस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पांढरी घरं आणि निळे घुमट होते, रुबिनाच्या मोबाईलवर असतात तसे. नेरोखोरीत तसं एकही घर नाही. अथेन्सहून बस पश्चिमेकडे निघते, डोंगर चढते-उतरते आणि दुपार कलताना तुम्हाला एका चौकात सोडून जाते.

त्या चौकात एक जुना चिनार आहे. चिनार काश्मीरात असतो एवढंच मला माहीत होतं. त्याच्या मुळाशी दगडी भिंतीतून पाण्याची धार पडते, रात्रंदिवस, नळ नाही की मीटर नाही. नेरो म्हणजे पाणी, त्यावरून गावाचं नाव. पहिल्या दिवशी मी ती धार बंद करायला काही चावी आहे का, ते शोधत होतो. अजमानमध्ये पाणी टँकरने येतं, समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं, आणि अम्मी भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीत घालते. वाहतं पाणी कुणी बघत नसताना वाहतंय, याची सवय व्हायला मला आठवडा लागला.

चौकाभोवती बेकरी, एक कॉफीचं दुकान, चर्च आणि पोस्ट. त्यावर डोंगराच्या उतारावर दगडी घरं, लाल कौलं. आमच्या कोकणातल्यासारखीच कौलं, फक्त गोलसर. निम्म्या घरांना कुलूप. ही कुलपं मला लगेच ओळखीची वाटली. आमच्या मोहल्ल्यातही निम्मी घरं बंद असतात आणि मे महिन्यात उघडतात, कुणी कुवेतहून येतं, कुणी दुबईहून. इथली ऑगस्टमध्ये उघडतात, तेव्हा माणसं जर्मनीहून आणि मेलबर्नहून येतात. हे मला माझ्या घरमालकिणीने सांगितलं.

त्यांचं नाव कीरिया स्ताव्रूला. कीरिया म्हणजे बाई, मान देऊन म्हणायचं. वय सत्तरच्या वर. नवऱ्याबरोबर बारा वर्षं जर्मनीत एका कारखान्यात काम करून परत आलेल्या. नवरा वारला, मुलगा मेलबर्नला. त्यांच्या घराची वरची खोली माझी. आमचं बोलणं थोडं इंग्रजी, थोडं हातवारे आणि बाकी मोबाईलमधलं भाषांतर. मी डुकराचं मांस खात नाही हे सांगायला मला पहिल्या दिवशी संकोच वाटत होता. त्यांनी मोबाईलवर उत्तर लिहून दाखवलं, ‘जर्मनीत माझी शेजारीण तुर्की होती. मला माहीत आहे. मासे खातोस का?’ मी खाडीकाठचा, मला हे विचारणारी पहिलीच बाई. एकदा मी त्यांना पिठलं करून घातलं. त्यांनी चमचाभर खाल्लं, विचार केला आणि त्यावर ऑलिव्हचं तेल ओतलं. चांगलं लागतं, अम्मीने रागावू नये.

नमाजाला उभं राहिलो तेव्हा मात्र पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटायचं. गावी नमाज पढताना समोर समुद्राची बाजू असते. इथेही समुद्र पश्चिमेलाच, दोन डोंगरांच्या फटीतून खिडकीतून दिसायचा. पण किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, उलट्या बाजूला, आग्नेयेला. म्हणजे समुद्राकडे पाठ आणि तोंड डोंगराकडे. जन्मात पहिल्यांदा मी समुद्राकडे पाठ करून नमाज पढलो. आपण जगाच्या नकाशावर सरकून दुसऱ्या बाजूला आलोय, हे मला विमानात नाही, त्या दिवशी कळलं.

तिथली रीत अशी की रस्त्यात कुणी भेटलं की ‘ति नेआ?’ विचारतात. म्हणजे, काय खबर? आपण ‘काय, कसं काय?’ म्हणतो तेवढंच ते. उत्तराची कुणी वाट बघत नाही. बेकरीवाला विचारायचा, पोस्टमन विचारायचा, कीरिया स्ताव्रूला सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालताना खाली वाकून विचारायच्या. मी हसून हात हलवायचो. माझ्याजवळ सांगायला खबरच नव्हती आणि मी वाट तिचीच बघत होतो.

शाळा गावाच्या वरच्या टोकाला. निळं लोखंडी फाटक, सिमेंटचं अंगण, एक बास्केटबॉलची रिंग आणि पलीकडे डाळिंबाची दोन झाडं. मुलं थोडी, म्हणून दोन-तीन इयत्ता एका वर्गात बसतात. आजूबाजूच्या वाड्यांतली मुलं टॅक्सीने येतात, पैसे सरकार भरतं.  आम्ही शाळेत जाताना ओढ्यातून चप्पल हातात घेऊन जायचो, आणि अजमानच्या शाळेत दुपारच्या पाळीत एका बाकावर तिघे बसायचो. सकाळी सगळी मुलं अंगणात रांगेत उभी राहतात, एक जण प्रार्थना म्हणतो. ते बघून आमची प्रतिज्ञा आठवायची, हात पुढे करून, एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचा हात पडत असताना म्हटलेली. शाळा चालवणारे लेफ्तेरिस सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मला ‘दुबई’ म्हणूनच हाक मारायचे. मी अजमानचा आहे असं दोनदा सांगितल्यावर म्हणाले, “अजमान? ते कुणी ऐकलंय?” मग मी नाद सोडला.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी एकदा घराचा पाठ घेतला. प्रत्येकाने फळ्यावर आपलं घर काढायचं आणि म्हणायचं, ‘एहो एना स्पीती’. म्हणजे, माझं एक घर आहे. मुलांनी काढली, चिमणीसकट, बकऱ्यांसकट. शेवटी अनास्तासिया नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने खडू माझ्या हातात दिला.

मी आधी गावचं घर काढलं, जांभ्या दगडाच्या भिंती आणि दोन माड. मग त्याच्या शेजारी अजमानची बिल्डिंग काढली, पाचव्या मजल्यावरची आमची खिडकी, खाली एसीचे खोके.

“ही की ती?” तिने इंग्रजीत विचारलं.

“दोन्ही.”

“असं नसतं. कुत्रा कुठे आहे?”

“कुत्रा नाही.”

“मग मांजर?”

मांजर होतं. बिल्डिंगच्या जिन्यात एक पिवळं मांजर राहतं, अम्मी त्याला रोज दूध ठेवते. मी फळ्यावर पाचव्या मजल्याजवळ बोट ठेवलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला की मग हेच घर. अनास्तासियाने जाऊन माझं गावचं घर पुसलं, माड ठेवले. लेफ्तेरिस सर हसत होते. मीही हसलो, पण बाकीचा तास माझं लक्ष त्या फळ्यावर होतं. मुलांनी एका मिनिटात ठरवलं होतं आणि मला तर दोन्हीपैकी काय उरणार तेही माहीत नव्हतं. खबर यायची होती.

गावाच्या आसपासचं थोडं लिहितो, कारण मला पाठवलं होतं ते त्यासाठीच. शाळेमागून एक पायवाट घळीत उतरते. घळीत नदी आहे, पण उन्हाळ्यात ती नुसती गोटे असते आणि गोट्यांत कण्हेर फुललेली असते. उतारावर जैतूनची, म्हणजे ऑलिव्हची झाडं, खोडं इतकी पिळलेली की कुणी कपडा पिळून ठेवलाय असं वाटावं. नोव्हेंबरमध्ये जैतून काढायला अख्खं गाव उतरतं, शाळा बुडवली तरी कुणी फार बोलत नाही. झाडाखाली जाळी पसरतात आणि फांद्या विंचरल्यासारख्या झाडतात. जाळं पाण्यात टाकतात एवढंच मी जन्मापासून बघितलं होतं. जाळं झाडाखाली अंथरलेलं बघून मला अब्बांना फोन करावासा वाटला. केलाही. “मासे पडतात काय?” अब्बा म्हणाले. बाकी सगळं ठीक, म्हणाले.

घळ संपते तिथे सपाट जमीन, मग पाइनचं जंगल, मग वाळूचा लांब बांध. बांधाच्या अलीकडे उथळ पाण्याचं तळं, पलीकडे समुद्र. दोन्ही पाणी एका ठिकाणी अरुंद वाटेने एकमेकांना भेटतात. हीच ती पाणथळ जागा. तिथे थंडीत फ्लेमिंगो येतात. पहिल्यांदा बघितले तेव्हा मी लेफ्तेरिस सरांना म्हणालो, हे आमच्याकडेही आहेत, अजमानच्या अल झोराला, तिवरांच्या मधल्या पाण्यात. त्यांचा विश्वास बसला नाही. वाळवंटात फ्लेमिंगो? मी मोबाईलवर फोटो दाखवला. मागे टॉवर, पुढे तिवरं, आणि तेच गुलाबी पाय. शुक्रवारी संध्याकाळी अब्बा सावंत काकांची गाडी मागून आम्हाला तिथे न्यायचे, कडक चहा घेऊन, गाडीतून न उतरता. उतरलं की रुबिनाला डास चावायचे. फोटो बघितल्यापासून सर मला ‘दुबई’ऐवजी ‘अजमान’ म्हणू लागले.

नोव्हेंबरच्या शेवटाला शुक्रवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये मी ते बघितलं. अम्मी नेहमीप्रमाणे सोफ्यावर बसून मी काय खाल्लं ते विचारत होती. रुबिनाने फोन आपल्याकडे वळवला, आणि वळवताना क्षणभर हॉलचा कोपरा दिसला. तिथे तीन मोठे कार्टन होते, ब्राऊन टेप लावलेले, नायलॉनच्या दोरीने आडवे-उभे बांधलेले.

आखातात राहिलेल्या कुणालाही विचारा. हॉलमध्ये दोरीने बांधलेला कार्टन म्हणजे काय, ते सांगायची गरज नसते. आमच्या मजल्यावरचे किती लोक असे गेले. आधी भिंतीवरचं कॅलेंडर जातं, मग कार्टन येतात, मग एक दिवस दाराबाहेर नको असलेल्या चपला राहतात. मी रुबिनाला इतकंच म्हटलं, “मागे काय आहे ते?”

“नथिंग, भाई. स्टफ.”

पुढच्या शुक्रवारी कॉल नुसता आवाजाचा आला. नेट स्लो आहे, अम्मी म्हणाली.

मी विचारलं नाही. अब्बांना शब्द दिला होता. पण मनात मी अजमानचं घर आवरून टाकलं. परतीचं तिकीट बदलून मुंबईचं करावं लागेल. रुबिनाच्या परीक्षेचं काय ते कळेल. डिग्रीचं मी रत्नागिरीला विचारीन. माणूस एकदा असं मनाशी ठरवून टाकतो तेव्हा एक प्रकारचा शांतपणा येतो, तो आला. आणि मग आमच्याकडचा कुणीही माणूस जे करील ते मी केलं. परदेशातून गावी जाणारा माणूस रिकाम्या हाताने जात नाही. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात काहीतरी द्यावं लागतं, एकालाही चुकवून चालत नाही, नाहीतर वर्षभर ऐकावं लागतं. अब्बा गावी जाताना टाल्कम पावडर आणि टॉर्च न्यायचे. नेरोखोरीत चौकातल्या दुकानात ऑलिव्हच्या तेलाचे हिरवे साबण मिळतात, कागदात गुंडाळलेले. मी घरं आठवत गेलो आणि साबण घेत गेलो. जेट्टीजवळची घरं, मशिदीमागची, वरच्या आळीतली. दुकानदाराने विचारलं, “ति नेआ?” आणि मग साबणांकडे बघून, “हॉटेल काढतोस का?”

दोन पिशव्या भरल्या. कीरिया स्ताव्रूलांनी त्या जिन्यात बघितल्या, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, मोबाईलवर लिहून. फॅक्टरी, व्हिसा, कार्टन. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग लिहिलं, ‘तुझ्या वडिलांनी सांगितलं का?’ मी मान हलवली, नाही. त्यांनी पिशव्या माझ्याकडून घेऊन माझ्या खोलीत ठेवल्या आणि साबण ओले होतील म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं.

डिसेंबरच्या मध्यावर शाळेची सहल तळ्यावर गेली. तिथे लाकडी मचाण आहे, मुलं आळीपाळीने दुर्बिणीतून बघत होती आणि भांडत होती. वारा खूप होता. माझा फोन वाजला. अब्बांचा, आणि दिवस मंगळवार. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत अब्बा कधी फोन करत नाहीत. मी मचाणावरून उतरून पाइनच्या आडोशाला गेलो.

“कुठे आहेस?”

“मुलांबरोबर. फ्लेमिंगो बघायला आलोय.”

“ते इथे अल झोराला दिसतात. त्यासाठी एवढ्या लांब गेलास?” मग म्हणाले, “ऐक. खबर पक्की आहे.”

मी झाडाला हात लावून उभा राहिलो.

“मला काम मिळालं. अजमानलाच, इंडस्ट्रियल एरियात. छोटी फॅक्टरी आहे, पण मशिनी जुन्या फॅक्टरीसारख्याच. मेडिकल झालं. आयडी झाला. तुमच्या तिघांच्या फायली नव्या व्हिसावर आल्या. काल संध्याकाळीच आल्या. पण अम्मी म्हणाली, सकाळी परत एकदा बघ आणि मग सांग. आता परत बघितलं.”

 मग जे तोंडात आलं ते विचारलं, “मग कार्टन?”

“कुठले कार्टन?”

“हॉलमधले. दोरी बांधलेले. मी बघितले.”

 मग अब्बा रुबिनाला म्हणाले, “याने कार्टन बघितले.” मग हसायला लागले. ते फार हसत नाहीत, त्यामुळे मला आधी ओळखूच आलं नाही. मागच्या गल्लीत एक लहान फ्लॅट मिळाला होता, दुसऱ्या मजल्यावर. पगार आधीपेक्षा कमी, तेव्हा घरही कमी. सामान सावंत काकांच्या गाडीच्या टपावरून न्यायचं होतं, म्हणून दोरी.

“तू काय समजलास, आम्ही गावी निघालो?”

“हो. मी गावासाठी साबण घेतलेत.”

“किती?”

“सगळ्या मोहल्ल्याला.”

मागून अम्मीचा आवाज आला, “एक केवढ्याला पडला ते विचारा.” मी सांगितलं. अम्मीने त्याचे दिरहम केले, मग दिरहमचे रुपये केले, आणि म्हणाली, “या अल्ला. मग मोहल्ल्याला पावडरच बरी. तू ते सगळे इकडे घेऊन ये.”

“आता आपण दोन वर्षं साबणाला पैसे घालायचे नाहीत,” अब्बा म्हणाले.

अब्बांनी अर्धी खबर कधीच दिली नव्हती. ती मी स्वतःच तयार केली होती, दोरीवरून आणि टेपवरून. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण फोन ठेवताना ते म्हणाले, “डोळ्यांना बघायची मनाई केली नव्हती, ते राहिलं माझं.”

नवं घर मी अजून बघितलेलं नाही. रुबिनाने त्याचा व्हिडिओ पाठवला आहे, त्यात ती पुढे चालते आणि ‘धिस इज किचन, धिस इज ऑल्सो किचन’ असं म्हणते. माझा पलंग हॉलमध्ये, खिडकीशी. खिडकीतून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. अब्बांना आता पहाटेच्या काळोखात बस पकडायची नसते. नव्या फॅक्टरीत ते चालत जातात आणि असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाला घरी असतात. चहा घरी पितात. इतक्या वर्षांत हे अम्मीने पहिल्यांदाच बघितलं, आणि तिला त्याचं काय करावं ते कळत नाही, असं काकूंनी मला लिहिलं. पिवळं मांजर नव्या घरी आलं नाही. ते जुन्याच जिन्यात आहे, अम्मी वाटीत दूध घेऊन मागच्या गल्लीतून तिथे जाते. अनास्तासियाला हे सांगायचं की नाही, याचा मी विचार करतोय. तिच्या हिशेबाने मग आमचं घर अजून जुनंच.

मला वाटायचं घर म्हणजे जिथून आपण निघालो ते. गावचं घर तसं आहे, त्याच्या भिंतींवर अजून अम्मीने लावलेल्या त्या चुन्याच्या खुणा आहेत. आता जे घर आहे तिथून मी निघालो नव्हतो. मी तिकडे पहिल्यांदाच जाणार आहे. पण माझी माणसं तिथे आहेत, चौघांची कागदपत्रं तिथे आहेत आणि माझा पलंग खिडकीशी लागलाय. एवढं पुरतं, असं मला आता वाटतं. मोठ्यांना काही वेगळं वाटत असेल तर त्यांनी सांगावं, मी शिकायला तयार आहे.

त्या मंगळवारी मुलांना टॅक्सीत बसवून मी घळीतून एकटाच वर आलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता, नदीत गोट्यांमधून पाणी वाहू लागलं होतं. संध्याकाळ होत आली होती. चौकात चिनाराची पानं पडून धारेच्या तोंडाशी अडकली होती, ती मी हाताने काढली. कीरिया स्ताव्रूला बाल्कनीत उभ्या होत्या, वाळलेले कपडे गोळा करत. मला बघून नेहमीसारख्या खाली वाकल्या.

“ति नेआ?”

त्या दिवशी मी हात हलवून पुढे गेलो नाही. अब्बांच्या नोकरीला, व्हिसाला, फायलींना माझ्याजवळ तिकडचे शब्द नव्हते. शाळेत शिकलेलं एक वाक्य होतं. लेफ्तेरिस सरांनी त्याचं ‘आमचं’ कसं करायचं तेही शिकवलं होतं. मी मान वर करून, चौकात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं,

“एहुमे स्पीती.”

आमचं घर आहे.